‘यू’ म्हणजे कोण?

कोयनानगरच्या वसाहतीत सुलाबाईएवढं इंग्रजी दुसऱ्या कुठल्या बाईला येत नव्हतं, आणि तेच आक्काताईच्या डोळ्यांत सलायचं. सुलाबाईच्या बापानं छप्पन सालानंतर घरादारासकट बुद्धाचा धर्म घेतला आणि लेकीला मॅट्रिक करूनच उजवलं. नवरा धरणावर कामाला. संध्याकाळी ती ओट्यावर पोरांचा गृहपाठ घ्यायची. व्याकरण, कविता, इतिहासातल्या लढाया, सगळं.

आक्काताई शेजारच्याच खोलीत. पलूसकडची, उसाच्या रानातली. इथं पत्र्याखाली राहावं लागतं याचा राग ती दिसेल त्याच्यावर काढायची. तिची राही सहामाहीला इंग्रजीत आपटली, तेव्हा झक मारत पोरीला सुलाबाईकडं धाडलं. पण सोबत आपल्या पाण्याचा तांब्या आणि बसायला आपलं पोतं. आणि हाक कशी? "ए सुले!" वयानं सुलाबाईच मोठी. तांब्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण ते ‘सुले’ झोंबायचं. हिच्या तोंडून एकदा ‘तुमी’ ऐकायचंच, असं तिनं मनाशी धरलं होतं.

एकदा शाळेच्या बाईंनी वाक्य दिलं, ‘यू आर माय टीचर’, मराठी करून आणा. राहीनं केलं आणि घरी मोठ्यानं वाचलं, "तुम्ही माझ्या बाई आहात." आक्काताईचं लाटणं थांबलं.

"कुणाला गं तुमी?"

"शिकवत्यात त्यास्नी."

"त्या सुलीला? खोड ते! तू लिही."

पोरीनं खोडलं. शाळेत बाईंनी वाचलं, ‘तू माझी बाई आहेस.’ त्यांना वाटलं, हे आपल्यालाच. राही तासभर ओणवी.

पोरांनी ही गोष्ट सुलाबाईला आधीच सांगितली होती. आक्काताई तावातावानं आली, पण ओट्यावर चढली नाही.

"ए सुले, पोरीची कंबर मोडली की गं तुझ्या इंग्रजीपायी!"

"इंग्रजी बरोबर हाय. ‘यू’चं तू बी हुतंय, तुमी बी हुतंय. ज्याच्या घरात जे असंल ते निघतं. तुमच्यात तू निघालं."

"लय शाणी झालीस!"

"झाले. आता ऐका. मला तू म्हणणारीच्या पोरीचं दप्तर ह्या ओट्यावर उघडायचं न्हाई. दुसरा मास्तर बघा."

दुसरा मास्तर होता कुठं? वार्षिक परीक्षा तोंडावर. आक्काताईचा नवरा हिंदुराव पलटणीतनं आलेला. त्यानं शिकवून बघितलं. पोरगी ‘अटेन्शन’ आणि ‘डिसमिस’ एवढंच शिकली.

मग एका संध्याकाळी आक्काताई परत ओट्याखाली येऊन उभी राहिली. ‘तू’ म्हणायची सोय नव्हती आणि ‘तुमी’ घशातनं वर येईना. पदर पिळून पिळून शेवटी म्हणाली, "आज धडा घ्यायचा हाय का?"

ना तू, ना तुमी. सुलाबाईला हसूही आलं आणि रागही.

"घ्यायचा हाय," ती म्हणाली. "पण पोतं घरी ठेवायचं. पोरं बसत्यात त्याच चटईवर बसायचं."

आक्काताई दातओठ खाऊन गेली आणि राही हात हलवत आली. पास झाली.

पुढं दोघी वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्या. "पाणी आलं का?" "बाजाराला जायचं हाय का?" सगळं बोलणं तसलंच. माणसाला उद्देशून बोलायचं आणि माणूस तेवढा वगळायचा, याला डोकं लागतं. दोघींकडंही ते होतं.