परत हर्निया : शून्य

आईशपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे! नावं तेवढी बदललीत. आणि एक जागा... ती शेवटी सांगतो.

नगरच्या एका खासगी दवाखान्यात माझं काम एकच. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्यांना वर्षभराने फोन करायचा, "कसं काय?" विचारायचं आणि रजिस्टरात लिहायचं. आमचे डॉक्टर याला 'क्वालिटी' म्हणतात. असल्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. फोन ठेवला की एक पदरात पडलेलाच असतो.

तिसगावच्या एका आजोबांना विचारलं, "शून्य ते दहात दुखणं किती?"

"डॉक्टर शेजारी हायेत का?"

"नाहीत."

"मग सात. ते आले की शून्य लिवा!"

नागापूरच्या कारखान्यातला एक फिटर. म्हटलं, "जड उचलता येतं का?"

"इंजिन उचलतो, साहेब!" मग एकदम आवाज खाली. "पण कागदावर 'जड उचलू नये' राहू द्या. वर्ष झालं, सुपरवायझर बसून करायचं काम देतोय!"

आणि फोन उचललाच नाही तर? डॉक्टर म्हणाले, "दुखत असतं तर आला असता. लिहा, ठणठणीत!"

पाथर्डीकडचे बरेच पेशंट ऊसतोडीला जातात. फोन बंद. सगळे ठणठणीत! दारात बोर्ड लागला, 'परत हर्निया : शून्य'.

त्या शून्याला सर्टिफिकेट द्यायला समिती आली, नेमके त्याच दिवशी पाथर्डीचे नामदेवमामा आले. ऊसतोडीतले. गेल्या सीझनला त्यांचाही फोन बंद होता. मोळी उचलताना हर्निया परत आलेला. दसऱ्यानंतर मुकादमाची जीप निघणार, त्याआधी ऑपरेशन होऊन अंग सावरायला हवं. नाहीतर त्याच अंगाने पुन्हा मोळी.

डॉक्टरांनी समितीसमोर रजिस्टर उघडलं. "मामा, तुम्ही ठणठणीत आहात. हे बघा, लिहिलंय!"

मामा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आधी त्या कागदाला खोकायला सांगा. मग मी खोकतो."

कागद काही खोकला नाही. मामांनी नाडी सैल केली आणि खोकले. लिंबाएवढी गाठ टम्म वर!

समितीतल्या बाई चष्मा पुसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "उद्याच करतो!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केलंसुद्धा.

आता ती जागा. समिती खरी. खोकला खरा. दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन तेवढं माझ्या पदरचं.

जीप गेली. परवा मामांना फोन लावला. बंद.

लिहिलं, ठणठणीत.