पक्केरावचा अर्धा फेर

कारखान्यात त्याला सगळे पक्केराव म्हणत. लॉन्ड्रीची मोठी धुलाईयंत्रं जोडताना हा गडी प्रत्येक नट आवळून झाल्यावर वर आणखी अर्धा फेर द्यायचा आणि त्यावर हिरव्या रंगाची रेघ ओढायचा. बावीस वर्षं! मालक पाहुण्यांना ती रेघ कौतुकाने दाखवत.

पण मजुरी वाढत गेली, यंत्र महागलं, गिऱ्हाईक फिरकेना. मग मालकांनी विकणंच बंद केलं. यंत्र लॉन्ड्रीत फुकट बसवायचं आणि धुतलेल्या कपड्यांच्या वजनावर पैसे घ्यायचे. आधी विकलेल्या यंत्रांची देखभालही अंगावर घेतली. बंद पडलं की दोन तासांत चालू करून द्यायचं. चाळीस जोडाऱ्यांतले सहा ठेवले, तेही दुरुस्तीला, तीन महिन्यांच्या बोलीवर. तीनदा उशीर झाला की घरी. पक्केरावचे दोन उशीर होऊन गेले होते.

त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. हातातला घास तसाच ठेवून तो फोन बघायचा. "अहो, वाजला तर ऐकू येईल की! बहिरे झालात का?" बायको म्हणायची. आज सकाळी वाजलाच.

एका इस्पितळाच्या लॉन्ड्रीत पाणी गळत होतं. चादरींचे ढीग छातीपर्यंत आलेले, लॉन्ड्रीवाल्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. मागचं झाकण काढून रबर बदलायचं, अर्ध्या तासाचं काम. पण शेवटचा नट हलेना. त्याने तेल सोडलं, पान्यावर पाय देऊन पाहिला. तास गेला.

"कुठल्या गाढवाने आवळलाय हा!" तो ओरडला आणि फडक्याने नट पुसला. मळाखाली हिरवी रेघ होती.

"ओळखीतलं आहे का गाढव?" बाईंनी विचारलं.

"मीच तो," पक्केराव म्हणाला. लाजेने त्याचे कान तापले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी इस्त्रीची वाफेची नळी ओढून आणली आणि नटावर धरली. बऱ्याच वेळाने नट करकरला. यंत्र चालू झालं तेव्हा दहा मिनिटं उरली होती.

झाकण लावताना त्याचं मनगट सवयीने शेवटच्या अर्ध्या फेराकडे वळलं होतं. त्याने पाना काढून घेतला होता. बरं वाटलं का? छे! चोरी केल्यासारखं वाटलं.

दारापर्यंत जाऊन तो परत आला, नटाला बोट लावून पाहिलं, पुन्हा निघाला. रस्त्यावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, शहरातल्या निम्म्या यंत्रांवर त्याच्याच रेघा आहेत. एकेक करून ते नट त्यालाच उघडावे लागणार होते, दर वेळी दोन तासांत.

खिशातला फोन वाजू लागला.