अण्णांना पाठ असलेला एकच इंग्रजी शब्द

माझ्या मेसेजमधलं इंग्रजी सुधारणारी बाई आज सकाळी गेली.

माझी आत्या. वय पंच्याण्णव. कालपर्यंत डोकं शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत.

गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली, काशीतल्या ब्रह्मा घाटावरची. आत्या तेव्हा तेरा वर्षांची. ग्वाल्हेरचं स्थळ दाराशी येऊन बसलेलं.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा. आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणायचो. त्यांनी फर्मान काढलं, "इंग्रजीत पास झालीस तर शाळा. नाही तर मार्गशीर्षात लग्न."

अण्णा वेदपाठी. अख्खा वेद तोंडपाठ, पण इंग्रजीचं एक अक्षर माहीत नाही.

आत्या अडली होती 'रन' या शब्दापाशी. माणूस रन करतो, ठीक. पण नदीही रन करते. नाक, नळ, साडीचा कच्चा रंग, सगळेच रन करतात. लाला दुकान रन करतो, तेही गादीवर बसून!

"गंगा पळते? कोण म्हणतं?"

"किताबमध्ये लिहिलंय, अण्णा."

"मग आधी पाठ कर. शंका मागाहून."

आणि त्यांनी तिला चक्क वेदासारखी इंग्रजीची संथा दिली. तिने वाक्य वाचायचं, अण्णांनी ते स्वरात बसवायचं, मग तिने दोनदा म्हणायचं. स्वर चढला की मान वर, उतरला की खाली.

परीक्षेत बड़ी बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, 'रन'चं फक्त एक वाक्य विचारलं.

आत्याने डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरू केलं. मान वर, मान खाली. बहनजी "बस, बस" म्हणताहेत, पण पाठ मध्येच तोडायचा नसतो ना! वर्ग हसून लोटपोट.

शेरा मिळाला, "रटती है, समझती नहीं." नापास.

ती रडत घरी आली. शिष्याचा पाठ फसला तर दोष गुरूचा, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. ज्या शाळेची पायरी कधी चढले नव्हते, तिथे दुसऱ्या दिवशी पगडी घालून गेले.

"बहनजी, ग़लती मेरी है. मैंने ही ऐसे सिखाया."

आणि भर वर्गात, हात जोडून, त्यांनी 'रन'ची सगळी वाक्यं सस्वर म्हणून दाखवली. पोरी पुन्हा हसल्या. अण्णा थांबले नाहीत.

"पंडितजी, इसका अर्थ जानते हैं?"

"नहीं. अर्थ लड़की जानती है. उससे पूछिए."

बहनजींनी उलटसुलट विचारलं. आत्याने एकेक अर्थ सांगितला, मान न हलवता.

ग्वाल्हेरला नकार गेला. आत्याने पुढे त्याच शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं.

गेल्या महिन्यात मी विचारलं, "तेव्हा अण्णांची लाज वाटली का ग?"

"वाटली की. दोन मिनिटं."

मग म्हणाली, "काशीत कुणापुढे न वाकणारा माणूस, माझ्यासाठी स्वतःचं हसं करून घेत होता रे."

आत्या, तुला साष्टांग नमस्कार. तुझ्या अण्णांनाही.