वीस वर्षांची पाटी

उन्हाचा धंदा केला की किस्से धुळीसारखे साचतात. आज पुसावे, उद्या पुन्हा थर! धुळ्याच्या बाजारात आमचं सोलरचं दुकान होतं. मालक भाऊ, मिस्तरी मी. त्या काळी सोलर म्हटलं की लोक आधी हसायचे, मग चहा पाजायचे. विकत मात्र कुणी घेईना! पहिलं पॅनल घेतलं साक्रीकडच्या एका नानांनी. त्यांच्या मळ्यातल्या वस्तीवर विजेचा खांब नव्हता. ते पॅनलला पाटी म्हणायचे, मग आम्हीही पाटीच म्हणू लागलो.

नानांनी विचारलं, "हाई पाटी कितला वरीस टिकी?"

भाऊ छाती काढून म्हणाले, "वीस वर्षं!"

नानांनी भाऊंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुम्हनं दुकान तितला वरीस चाली का?"

वर त्यांनी दमही भरला, "त्यानापहिले बंद पडनी तं तुम्हना दुकानना दारले टांगसू. बठ्ठा बाजार दखी!"

भाऊंची झोपच उडाली. भर बाजारात मेलेली पाटी दाराला लटकली, तर दुसरी विकायची कुणाला?

*

पहिल्याच उन्हाळ्यात निरोप आला, पाटी मेली. मी भर उन्हात मोटारसायकल हाणत वस्तीवर गेलो. शिडी लावून छपरावर चढलो आणि बघतो तर काय, अख्ख्या पाटीवर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घातलेले!

खाली नानांची बायको, अक्का, कमरेवर हात ठेवून उभ्या. "काच कशी सपाट शे! झटकन वाळतस."

माझं डोकंच फिरलं. "अहो अक्का, पाटीला ऊन लागतं!"

"आनि मना बिबडासले नही लागत का?"

बिबडे उतरवून अंगणातल्या खाटेवर पसरले. दोन बिबडे खाल्ले आणि परत आलो.

*

एका वर्षी गारपीट झाली. भाऊ म्हणाले, "संपलं. आता टांगणार!" दोघंही धडपडत वस्तीवर पोचलो. पाटी ठणठणीत! पहिली गार पडताच नाना छपरावर चढले होते. घरातल्या सगळ्या गोधड्या पाटीवर पसरून, डोक्यावर घमेलं धरून ते तिथंच बसून राहिले.

मी म्हटलं, "कमाल केली नाना तुम्ही!"

अक्का फणकारल्या, "मन्हावर कधी छत्री बी धरी नही यासनी!"

*

मग बॅटरी गेली. नाना तावातावानं दुकानात आले, बरोबर अक्काही होत्या. भाऊंनी परोपरीनं समजावलं, "नाना, बॅटरी चार-पाच वर्षांत जातेच. जुनी आम्हाला द्या, शिसं काढून घेणारे ती घेतात. पाटीला काही होत नाही."

नाना जरा शांत झाले. मग म्हणाले, "आनि वीस वरीसनंतर पाटीनं काय?"

हा प्रश्न आम्हाला तोवर कुणी विचारलाच नव्हता! भाऊंनी डोकं खाजवलं. "तेव्हाही ती मरत नाही. हळूहळू कमी कमावते, इतकंच."

नाना खूश झाले. "म्हणजे मनामायकच! मी बी आते कमीच कमावस."

अक्का म्हणाल्या, "पन ती जेवाले मांगत नही!"

*

आणि मग, वीस वर्षं भरत आली असताना, तो दिवस उजाडला. सकाळी दुकानासमोर जीप थांबली. नाना उतरले, हातात गोधडीत गुंडाळलेली पाटी. भाऊंचा चेहरा पांढराफटक! "मिस्तरी, चहा सांग, आधी चहा सांग," म्हणत ते दारात आडवे उभे राहिले, टांगायला जागाच नको म्हणून.

नाना म्हणाले, "सरका भाऊ. मोजाले आणेल शे."

झालं होतं असं. नानांची नात मंगल, तिचं लग्न ठरत होतं. मुलगा चांगला, शेती चांगली, पण गाव शिरपूरच्याही पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं वीज नाही. पाटीच्या उजेडात अभ्यास करून शिकलेली पोर. तिनं ठणकावलं, "अंधारात मी नांदणार नाही." नानांच्या वस्तीवर आता खांब आला होता, तेव्हा पाटी नातीबरोबर द्यायचं ठरलं. पण पाटीत जीव किती उरलाय? मुलाचे वडीलही जीपमधून आले होते. तोंड वाकडं करून पाटीकडे बघत होते. काटा हलला नाही तर सोयरीक मोडलीच म्हणायची!

मी फडक्यानं काच पुसली, पाटी उन्हात ठेवली, मीटर लावलं. काटा चढला. चढत चढत नव्या पाटीच्या आकड्याजवळ जाऊन थांबला. नानांनी डोळे पुसले. भाऊंनी तर मला मिठीच मारली.

मुलाचे वडील मात्र हटेनात. "जुनी ती जुनीच. आजून कितला वरीस टिकी? गॅरंटी कोन देस?"

सगळे भाऊंकडे बघू लागले. भाऊ छाती काढून तोंड उघडणार, तेवढ्यात नानांनी हात आडवा घातला.

"पाटीनी गॅरंटी मी देस. पोऱ्यानी तुम्ही द्या!"