माझ्या कॉम्प्युटरमधला पहिला थेंब

मंडळी, मुलीसाठी, केतकीसाठी, मी घरीच पाण्यानं थंड राहणारा कॉम्प्युटर जोडतोय. ती ॲनिमेशन करते आणि तिचं जुनं मशीन तापून मध्येच बंद पडतं. हे काम मी कुठल्याही क्लासला न जाता शिकलोय.

आज नळ्यांत पहिल्यांदा पाणी सोडलं. फक्त पंप चालू, बाकी कशालाही वीज नाही. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवला. थोड्या वेळात एक कागद ओला झाला.

नेमके तेव्हाच खराडीला आयटीत असलेले मेहुणे हजर! "दाजी, कॉम्प्युटर केलाय की पाणपोई? पोरीला तयार मशीन घेऊन द्या."

अहो, गळती कळावी म्हणूनच तर कागद ठेवले होते! कापलेल्या नळीची कड मी नीट घासली नव्हती. त्या धारदार कडेनं जोडातली रबरी रिंग कापली. चूक माझी, दुरुस्तीही मीच करणार.

मी केतकीकडे पाहिलं. मशीन तिचं, निर्णय तिचा.

"मामा, जरा सरका. बाबांना रिंग बदलायचीय," म्हणत तिनं कोरडा कागद ठेवला.

कड घासली, रिंग बदलली. आता चाचणी पुन्हा सुरू आहे. गळलं, तर पुन्हा घासीन. पहिल्याच थेंबाला 'तयार घ्या' म्हणणाऱ्यांना तुम्ही काय ऐकवता?