मॅडमसमोर मी खोटं बोललो

मित्रांनो, आज सकाळी आम्ही नवरा-बायको आमच्या नऊ वर्षांच्या रेवाला घेऊन वर्ध्यात मुलांच्या सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे गेलो होतो. शाळेची वेळ झाली की तिचं पोट दुखतं आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल येतात.

मॅडमनी आधी तिघांना बसवलं. घरात कोण कोण आहे, रेवा कोणाजवळ झोपते, तुमची भांडणं होतात का, असं सगळं विचारून लिहून घेतलं. मला ते खटकलं. पोटदुखीचा आमच्या भांडणाशी काय संबंध?

मग आम्हाला बाहेर पाठवून त्या रेवाशी एकटीशी बोलल्या. अर्धा तास मी दाराकडे बघत बसलो.

आत बोलावल्यावर म्हणाल्या, "प्रत्येक प्रश्नाला ती 'बाबांना विचारून सांगते' म्हणते. घरचं सांगू नको असं कोणी बजावलंय का?"

मी म्हणालो, "नाही." बायको माझ्याकडे बघत राहिली. सकाळी मीच बजावलं होतं.

ऑटोत रेवाला विचारलं, "मॅडमले काय सांगितलं?"

"काहीच नाई, बाबा. तुम्हीच म्हटलं होतं ना."

पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. त्या बाईंवर माझा अजून भरवसा नाही. तुमच्यापैकी कोणी गेलं असेल तर सांगा, पहिल्याच दिवशी खरं बोलला होता का?