बारावी वीट

तलासरीजवळच्या पाड्यावरून डहाणूला अकरावी सायन्सला येणारी जानी म्हणजे आमच्या वर्गाची डोकेदुखी. सरांनी "एक बिंदू आणि चढ दिला की रेषेचं समीकरण..." एवढं म्हणेस्तोवर हिचं उत्तर तयार. आम्ही अजून पेनाचं टोपण शोधतोय.

२०१८ संपता संपता आमच्याकडे जमीन हलायला लागली. पाडा अंगणात ताडपत्रीखाली झोपू लागला. जानीचा बाप भिका मात्र आतच. त्याला दमा, दवात छाती भरायची. शिवाय घरकुल नवं, पक्क्या विटांचं. त्याचा तोरा वेगळा.

खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून तडा निघाला. एक वीट पुढं, दोन थर वर, परत एक वीट पुढं. भिंतीला गिलावा नव्हता, त्यामुळे जानीला फुकटचा आलेखकागद मिळाला. कोपरा हा बिंदू, चढ दोन. तिनं खडूनं भिंतीवरच समीकरण मांडलं. तडा छपराला भिडणार तो डावीकडून बाराव्या विटेवर. नेमकी त्याखाली भिकाची खाट.

"बाबा, खाट खिडकीच्या डावीकडं घे. इथं भिंत फुटंल."

"भिंतीला पण परीक्षेला बसवलं काय गं?"

"हसू नको. बाराव्या विटेवर जातोय तडा."

"बारावी! तू आधी अकरावी तर पास हो." पण लेकीच्या शब्दाखातर त्यानं खाट हलवली.

मोठा धक्का दुपारी बसला. तडा बरोबर बाराव्या विटेपर्यंत गेला आणि थांबला. तिथली भिंत उभी राहिली. कोसळली ती खिडकीच्या डावीकडची. तिथं तडा नव्हताच. तिथं भिका झोपला होता.

वार्षिक परीक्षेत बिंदू आणि चढाचं गणित आलं. जानीला पूर्ण मार्क. भिंतीचं सरांना ठाऊक नव्हतं, त्यांनी वर्गासमोर शाबासकी दिली. एरवी आम्ही तिला हुशारीवरून चिडवलं असतं. त्या दिवशी मागच्या बाकानंसुद्धा वह्या उघडल्या.

पावसाआधी पाड्यानं मिळून पडलेली बाजू बांधून दिली. जानीची आई सोमी सामान आत घेत होती. खाटेचं एक टोक उचलून तिनं सवयीनं विचारलं, "जानी, कुठं टाकू गं?"

उजवीकडच्या भिंतीवर खडू अजून तसाच होता. जानीनं दुसरं टोक धरलं. एवढंसं ते घर, पण दोघी खाट घेऊन नुसत्या फिरत राहिल्या.